कुणाच्या मापाची काठी?

इजिप्तचा राजा तुतनखामुन एकोणीस वर्षांच्या आसपास वारला. १९२२ साली पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला त्याची कबर सापडली आणि पुढे कित्येक वर्षं तो ती उपसत राहिला. रथ, पलंग आणि सोन्याच्या ढिगाबरोबर तिथून काठ्या निघाल्या, थोड्याथोडक्या नव्हे, सुमारे १३०. काहींवर सोन्याचा पत्रा होता, काहींच्या मुठींवर राजाच्या शत्रूंच्या आकृत्या कोरल्या होत्या. एक मात्र साधी बोरूची होती. तिच्यावर सोनं मढवून मजकूर कोरला होता, की महाराजांनी ही स्वतःच्या हातानं कापली.

२०१० साली इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या राजाच्या ममीची तपासणी प्रसिद्ध केली. डाव्या पावलातलं एक हाड कुजत होतं आणि पाऊल वाकडं होतं, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या काठ्या कशाला, याचं उत्तर मिळालं असं अनेकांना वाटलं. दुसऱ्या अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतला. इजिप्तमध्ये हाती दंड असणं हीच मोठ्या माणसाची खूण होती, धडधाकट अधिकाऱ्यांच्या थडग्यांवरच्या चित्रांतही काठ्या दिसतात. मग काठीवरून लंगडेपणा कसा ठरवायचा? हा वाद मिटलेला नाही. काठी हातात आहे म्हणजे माणूस तिच्यावर टेकतोय, की तिच्यामुळे मोठा दिसतोय, एवढाच तो वाद आहे. तो तुतनखामुनपुरता नाही.

कालिदासानं तो एका म्हाताऱ्याच्या तोंडून सोडवून टाकला. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकात राजाचा कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा कारभारी, येतो. तो म्हणतो ते थोडक्यात असं : अंतःपुरात नेमणूक झाली तेव्हा रीत म्हणून वेताची काठी हाती घेतली, मध्ये पुष्कळ काळ गेला, आता पाय अडखळतात आणि तीच काठी मला सावरते. काठी तीच आणि हातही तोच. हुद्द्याची खूण म्हणून आली होती, ती आधार झाली. तिची लांबी मात्र कुणी बदलली नाही. दरबारानं दिली तेवढीच ती राहिली.

काठीचा इतिहास शोधताना मला सगळ्यात उपयोगी पडला तो हाच धागा : तिचं माप. ती किती लांब असावी, किती जाड असावी, हे कुणी ठरवलं आणि कशाला धरून ठरवलं.

लेखी नियमांपैकी एक जुना नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मुंज झालेल्या बटूच्या दंडाचा तो नियम. ब्राह्मणाचा दंड बेलाचा किंवा पळसाचा आणि केसांपर्यंत पोचणारा. क्षत्रियाचा वडाचा किंवा खैराचा, कपाळापर्यंत. वैश्याचा पिलू किंवा औदुंबराचा, नाकापर्यंत. शूद्राला मुंज नाही, म्हणून दंडही नाही. मुलींचीही तीच गत. मोजपट्टी मुलाच्याच अंगाला लावलेली आहे, पण ती मोजते त्याची जात. कपाळ आणि नाक यांच्यात चार बोटांचं अंतर, तेवढ्यात अख्खी उतरंड बसवली होती.

दरबारातल्या भालदार-चोपदारांचा चांदीचा दंड याच घराण्यातला. तो टेकायला नव्हताच. महाराष्ट्रात हा दंड अजून कामावर आहे आणि राजवाडे ओस पडल्यावरही त्याचा धाक गेलेला नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामी पोचली की समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंगाचा एवढा गजर थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो. काठीनं गर्दी गप्प करायची आणि लगेच ज्याला बोलायचंय त्याचं ऐकायचं, असा अधिकार फार थोड्या दंडांच्या वाट्याला आला.

आता झाडाकडे वळू. वेत आणि बांबू बाजारात शेजारी ठेवलेले असतात, पण त्यांचं नातं लांबचं आहे. बांबू हे गवत. वेत हा माडा-ताडांच्या कुळातला. फक्त हा माड स्वतःच्या बुंध्यावर उभा राहू शकत नाही. तो वेलीसारखा दुसऱ्या झाडांवर चढतो, आणि त्यासाठी त्याला उलट्या आकड्यांचे लांब चाबूक फुटतात. आकडा फांदीत रुतला की वेत वर सरकतो, उजेडाकडे. काही जातींचं खोड शंभर मीटरच्याही पुढे जातं. काठी होण्याआधी वेत स्वतःच दुसऱ्यांच्या आधारावर जगलेला असतो.

काठीसाठी लागणारे जवळजवळ सगळे गुण त्याला या चढण्यातून मिळाले. माडासारखाच तो वर्षागणिक जाड होत नाही. खोड जमिनीतून निघतं तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते आणि पुढे बरीचशी तीच राहते. बहुतेक बांबू आतून पोकळ, वेत भरीव. बाहेरचा थर टणक आणि गुळगुळीत, आतला गाभा सच्छिद्र. म्हणून तो वजनाला हलका, वाकतो पण पटकन मोडत नाही, आणि वाफ दिली की त्याला छत्रीच्या दांड्यासारखी मूठ काढता येते. आपल्याकडे काठ्यांसाठी नर बांबू वापरतात, तोही याच कारणासाठी : तो इतर बांबूंच्या मानानं भरीव असतो. सह्याद्रीच्या सदाहरित रानातही वेत आहे. तिथला कॅलामस थ्वेटिसाय हा जाड वेत खुर्च्यांना आणि काठ्यांना चालतो. जगाच्या बाजारात मात्र नाव झालं ते मलाक्का वेताचं.

या वेताचं शास्त्रीय नाव कॅलामस स्किपिओनम. जुआंव द लोरेरो या पोर्तुगीज धर्मगुरूनं १७९० साली ते ठेवलं, तेव्हा या वेताच्या काठ्या सर्रास वापरात होत्या. त्याची खासियत पेराची. दोन गाठींमधलं पेर इतकं लांब वाढतं, की त्यातून एकही गाठ न येता अख्खी काठी निघते. वर तपकिरी झाक आणि तिच्यात ढगांसारखे डाग. तो बहुतांशी यायचा सामुद्रधुनीपलीकडच्या सुमात्राच्या किनाऱ्यावरून. मलाक्का हे विक्रीचं बंदर, म्हणून नाव त्याचं. हे बंदर पोर्तुगीजांनी १५११ साली घेतलं, डचांनी १६४१ साली, आणि १८२४ च्या करारानं ते इंग्रजांकडे गेलं. युरोपकडे निघालेल्या जहाजांत माल हलू नये म्हणून फटींमध्ये वेताच्या मोळ्या कोंबत. खुर्च्यांच्या बैठका विणायला तो वेत लंडनला पोचला आणि त्याच वाटेनं काठ्याही पोचल्या.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये काठीशिवाय सभ्य गृहस्थ दिसेना. तलवार मागे पडत चालली होती आणि रिकाम्या हाताचं काय करावं हा प्रश्न वेतानं सोडवला. रिचर्ड स्टीलच्या ‘टॅटलर’ नियतकालिकाच्या १०३ व्या अंकात, डिसेंबर १७०९ मध्ये, या वेडाची फिरकी घेतलेली आहे. एक काल्पनिक कचेरी उघडली आहे. काठी बाळगायची तर तिथून परवाना घ्यायचा. सायमन ट्रिपिट नावाचा अर्जदार लिहितो, की काठी हा माझा एक अवयवच झाला आहे. ती बुटावर आपटणं, तिच्यावर एक पाय रेलणं, तिचं टोक ओठाला लावून शीळ घालणं, यावाचून मला चारचौघांत बोलणंच सुचत नाही. थट्टा अशी, की पायानं धड असलेला माणूस काठीवाचून लंगडा पडला आहे. त्या काळी काठीचं माप शिंप्याच्या हिशेबात बसे : कोटाला शोभेल इतकी उंच, मूठ सोन्याची की हस्तिदंताची ते ऐपतीवर. खाली पितळी शेंबी, दगडी फरशीवर तिचा आवाज व्हावा म्हणून. ज्याला खरोखर टेकावं लागे तो त्या टकटक करणाऱ्या गर्दीत सहज खपून जाई. त्याचं दुखणं फॅशननं झाकलं.

पण हाती काठी असली की ती कुणावर तरी उठणारच. प्रेस्टन ब्रुक्स या अमेरिकन खासदाराला १८४० साली एका द्वंद्वात कमरेजवळ गोळी लागली होती. तेव्हापासून तो काठी घेऊन चाले. २२ मे १८५६ रोजी तो सिनेटच्या सभागृहात गेला. गुलामगिरीविरुद्ध जळजळीत भाषण केलेले सिनेटर चार्ल्स समनर मेजाशी बसले होते. ब्रुक्सनं सोन्याच्या मुठीच्या काठीनं त्यांना इतकं मारलं की काठीचे तुकडे झाले. समनरना पूर्णपणे कामावर परतायला सुमारे तीन वर्षं लागली. दक्षिणेतल्या चाहत्यांनी ब्रुक्सला भेट काय पाठवावी, तर नव्या काठ्या. ही काठी होती गट्टा-पर्चाची, म्हणजे मलायाच्या बाजूच्याच जंगलातल्या एका झाडाच्या चिकापासून केलेली. लंगडणाऱ्या माणसाचा आधार आणि गुलामांच्या मालकाचं हत्यार, दोन्ही कामं एकाच वस्तूनं केली.

आपल्याकडे इंग्रजांनी वेताचं माप कायद्यात घातलं. फटक्यांची शिक्षा १८६४ च्या कायद्यानं रीतसर केली. पुढे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलं, की सोळा वर्षांवरच्या कैद्याला हलक्या वेतानं मारावं, वेताचा व्यास अर्ध्या इंचाहून कमी नसावा आणि फटके तिसाहून जास्त नसावेत. असहकाराच्या दिवसांत बनारसला पंधरा वर्षांच्या चंद्रशेखर आझादांना पंधरा फटके बसले, ते याच व्यवस्थेत. कंचुकीच्या काठीची लांबी दरबारानं ठरवली होती. इथे सरकार जाडी ठरवत होतं, आणि ती मोजायची होती दुसऱ्याच्या पाठीला धरून. ही शिक्षा भारतानं १९५५ साली कायद्यानं रद्द केली. सिंगापूर आणि मलेशियात ती अजून आहे आणि तिथे वापरतात तोही वेतच.

१२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीला निघालेल्या साठ वर्षांच्या गांधीजींच्या हाती बांबूची काठी होती. ती दिली होती साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी. देशभरातल्या पुतळ्यांमधून ती इतकी ओळखीची झाली आहे, की काठी काढून घेतली तर पुतळा कुणाचा हे सांगायला थांबावं लागेल. ती यात्रेकरूची आणि शेतकऱ्याची काठी. वाट चालताना ठेका धरणारी, उंच. सत्ता नसलेल्या माणसानं ती सत्तेसमोर धरली. त्याच वर्षी २१ मे रोजी धारासण्याच्या मिठागरावर पोलिसांनी लोखंडी टोकांच्या लाठ्यांनी सत्याग्रहींची डोकी फोडली.

एवढ्या प्रवासात आधार म्हणून काठी वापरणाऱ्या माणसानं काठीचं माप कधीच ठरवलेलं दिसत नाही. ते प्रथम ठरवलं आंधळ्या माणसांसाठी, आणि त्यालाही आधी रंगाची वाट धरावी लागली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा छायाचित्रकार जेम्स बिग्ज अपघातात दृष्टी गमावून बसला. घरासमोरच्या वाढत्या मोटारींना आपण दिसावं म्हणून त्यानं १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवली. पॅरिसमध्ये गिली देर्बमों या बाईंनी रहदारीत सापडणारी आंधळी माणसं पाहिली आणि त्यांना सुचलं, की वाहतूक पोलिसाच्या हातातला पांढरा दंडुका पाहून गाड्या थांबतात, तसाच यांना द्यावा. ७ फेब्रुवारी १९३१ रोजी पॅरिसमध्ये समारंभपूर्वक पहिल्या पांढऱ्या काठ्या दिल्या गेल्या. त्याच्या दोनेक महिने आधी अमेरिकेतल्या पिओरिया शहरानं नियम केला होता, की पांढरी काठी दिसली की वाहनानं थांबायचं. कंचुकीच्या गोष्टीचा हा उलटा प्रवास आहे. तिथे हुद्द्याची काठी आधार झाली. इथे आधाराच्या काठीनं पोलिसाचा हुद्दा उसना घेतला आणि कायद्यानं तो मान्य केला.

तरीही ही काठी आखूड होती, कारण ती टेकायच्या काठीच्या मापाचीच होती. ती बदलली रिचर्ड हूव्हर यांनी. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक अमेरिकेतल्या व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात येत होते. १९४४ साली हूव्हरनी त्यांच्यासाठी हलकी, छातीच्या हाडापर्यंत पोचणारी काठी केली आणि ती डावी-उजवीकडे झुलवत चालायची पद्धत बसवली : डावं पाऊल पुढे तर काठीचं टोक उजवीकडे, म्हणजे जिथे पुढचं पाऊल पडणार तिथे. लांबी आली ती पावलाच्या अंतरावरून आणि खड्डा कळल्यावर थांबायला लागणाऱ्या वेळेवरून. मनुस्मृतीतला दंड कपाळापर्यंत का, याचं उत्तर जातीत होतं. हूव्हरची काठी छातीपर्यंत का, याचं उत्तर चालणाऱ्याच्या पुढच्या पावलात आहे.

टेकायच्या काठीचा हिशेब अस्थिशल्यविशारदांनी मांडला. १९५६ साली वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन डॉक्टरांनी एक लेख लिहिला. काठी फेकून देऊ नका, असा त्याचा मथळाच होता. रुग्ण काठीला लाजतात आणि डॉक्टर ती लवकरात लवकर सोडवतात, याबद्दल त्यांची तक्रार होती. गणित असं. आपण उजव्या पायावर उभे राहतो तेव्हा शरीराचा भार उजव्या खुब्याच्या डावीकडे पडतो आणि कंबर डावीकडे कलू पाहते. तिला सावरतात खुब्याच्या बाहेरचे स्नायू. पण सांध्यापासून त्यांचं अंतर जेमतेम पाचेक सेंटिमीटर. शरीराच्या भाराचं त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून स्नायूंना फार जोरानं ओढावं लागतं आणि एकेका पावलाला सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. आता डाव्या हातात काठी घ्या. हात खुब्यापासून कितीतरी लांब, त्यामुळे तिथून दिलेला थोडासा रेटाही स्नायूंचं बरंचसं काम उचलतो. म्हणजे दुखरा खुबा उजवा, तर काठी डाव्या हातात. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, कारण जिकडे दुखतं तिकडे हात आपोआप जातो.

१९९४ साली जॉन जेका आणि जेम्स लॅकनर या संशोधकांनी याहून नाजूक गोष्ट दाखवली. डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसानं एका पट्टीला नुसतं बोट लावलं, शंभर ग्रॅम वजनाहूनही कमी दाबानं, तरी त्याचं डोलणं स्पष्ट कमी झालं. एवढ्या दाबावर शरीर तोललं जाऊच शकत नाही. बोटाला जमीन कुठे आहे हे कळतं आणि शरीर स्वतःच सावरतं. पुढे काठी धरूनही तसंच दिसलं. म्हणून जरा हात लावला तरी बरं वाटतं, असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा तो मनाचा खेळ समजू नये. टेकायची काठी आणि चाचपायची काठी यांच्यातली भिंतही इथे पातळ होते.

काठी ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापाची हवी, या हिशेबानं वेताला मात्र घराबाहेर काढलं. सरळ, हलका, एकसंध ही वेताची कीर्ती. पण एकदा कापलेला वेत वाढवता येत नाही. ॲल्युमिनियमच्या नळीला भोकं पाडली, बटण बसवलं, की तीच काठी उंच सुनेला आणि ठेंगण्या सासूला चालते. शेंबीच्या जागी रबरी बूच आलं. आता आवाजापेक्षा पकड हवी होती. वेत उरला खुर्च्यांत आणि शौकिनांच्या कपाटांत. जंगलातही त्याची स्थिती बरी नाही. खुर्च्यांसाठी नावाजलेला कॅलामस मनान हा जाड वेत एकाच खोडाचा; तो तोडला की संपला, बुडापासून पुन्हा फुटत नाही. मलाक्का वेत बेटानं वाढतो म्हणून तगतो. जगाला सर्वाधिक वेत पुरवणाऱ्या इंडोनेशियानं २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली आहे. आपल्याकडे केरळच्या पीची इथली वनसंशोधन संस्था वेताच्या जाती नोंदवणं आणि लागवड करून पाहणं ही कामं वर्षानुवर्षं करते आहे.

काठी आता सरकारी योजनेतही आली. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना शिबिरांत तपासून काठ्या, कुबड्या, कानाची यंत्रं देण्याचं काम तीत कानपूरचं सरकारी महामंडळ करतं. महाराष्ट्रानं २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या पात्र नागरिकाच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. ज्यांच्या हाती कोणत्याच शास्त्रानं दंड दिला नव्हता त्यांच्यापर्यंत तो पोचला, ही छोटी गोष्ट नाही.

पण खात्यात पैसे येतात, माप येत नाही. औषधाच्या दुकानात टांगलेली काठी ज्या भोकावर बटण ठेवून आली त्याच भोकावर घरी जाते आणि बहुतेक वेळा दुखऱ्या बाजूच्याच हातात धरली जाते. लांब असली तर खांदा उचलला जातो, आखूड असली तर माणूस पुढे वाकतो. दोन्हींत तोल बिघडतो. माप घेणं कठीण नाही. रोजची चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी आणि धरल्यावर कोपर थोडं, वीस-तीस अंश, वाकावं. बूच गुळगुळीत झालं की बदलायचं. दुकानदाराला किंवा गावातल्या आशाताईंना हे एका दुपारी शिकवता येईल. योजनेच्या कागदावर मनगटाची उंची आणि कोणता हात, असे दोन रकाने वाढवावेत. जात, हुद्दा, फॅशन आणि शिक्षा यांनी काठी मोजून झाली. ज्याला चालायचंय त्याच्या अंगावर मोजायला पाच मिनिटं लागतात.